नळी नको, कॅप्सूल चालेल का?

पत्र : माझ्या यजमानांना (वय ५४) हिपॅटायटिस बीमुळे लिव्हर सिरोसिस झालाय. गोळी नियमित चालू आहे, रक्तात विषाणू सापडत नाही. पोटात पाणी, कावीळ, रक्ताची उलटी यांतलं काहीच कधी झालेलं नाही. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) २४ आणि प्लेटलेट ९६ हजार आल्या. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत का ते पाहण्यासाठी डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली. नळी घशाशी जाताच यांना इतके उमासे आले की त्यांनी ती हातानेच ओढून काढली. आता म्हणतात, ‘कॅमेऱ्याची गोळी गिळेन, नळी पुन्हा नाही.’ त्यांना लहानपणापासून दमा आहे, पंप घेतात. कॅप्सूल करून भागेल का? की आम्ही नुसती मनाची समजूत घालतोय?

उत्तर :

नमस्कार ताई,

कॅप्सूल करता येईल आणि ती नुसती मनाची समजूतही नाही. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटून तिसरी आहे, दम्याची. तिच्यामुळे हिशेब बदलतो, आणि तो हिशेब कॅप्सूल गिळण्याआधीच मांडायला हवा.

आधी, ही तपासणी कशासाठी सांगितली आहे ते बघू. सिरोसिसमध्ये यकृत आतून घट्ट होतं, आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून सहज पुढे जात नाही आणि पोर्टल व्हेनमधला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला) दाब वाढतो. हा दाब मोजला (यकृताच्या शिरेत नळी घालून तो मोजतात) आणि तो पाऱ्याच्या १० मिलिमीटरपर्यंत किंवा त्यावर गेलेला असला, तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला शिरा फुगायला लागतात. १२ च्या पुढे त्या फुटण्याचा धोका सुरू होतो. सिरोसिस असलेल्या दर शंभर जणांत वर्षाला सुमारे सात-आठ जणांना अशा शिरा नव्याने तयार होतात. फुटल्यावर चांगले उपचार मिळूनही सहा आठवड्यांत १५ ते २० टक्के रुग्ण दगावतात. शिरा फुटेपर्यंत काहीच जाणवत नाही, दुखत नाही, घास अडकत नाही. म्हणून तुमच्या यजमानांना काही होत नाही हे खरं असूनही त्यावर विसंबता येत नाही.

आता, सिरोसिस झालेल्या प्रत्येकालाच आत डोकावून पाहायला हवं का? नाही. या दाबाच्या आजारावरच्या तज्ज्ञांच्या बावेनो परिषदेने २०१५ मध्ये एक सोपा निकष दिला : फायब्रोस्कॅन २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर धोकादायक शिरा असण्याची शक्यता इतकी कमी असते की एंडोस्कोपी टाळता येते. हे दोन्ही आकडे एकाच वेळी जुळायला हवेत. ज्यांचे जुळतात त्यांनी नळीही घेऊ नये आणि कॅप्सूलही. वर्षातून एकदा तेच दोन आकडे पुन्हा पाहिले की पुरतं. कॅप्सूलची चौकशी करणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर कुठलीच तपासणी लागत नाही, आणि ही गोष्ट त्यांना आधी सांगितली जायला हवी. तुमच्या यजमानांचे मात्र दोन्ही आकडे चुकीच्या बाजूला आहेत. त्यांच्यात शिरा असण्याची शक्यता चांगलीच आहे, तेव्हा तपासणी पुढे ढकलू नका.

याच परिषदेच्या २०२१ च्या शिफारशींनी आणखी एक वाट मोकळी केली. सिरोसिस अजून आटोक्यात आहे पण पोर्टल दाब बराच वाढलेला आहे, अशा रुग्णाला शिरा दिसण्याची वाट न पाहता बीटा ब्लॉकर (रक्तदाबासाठीही देतात ते औषध) सुरू करता येतं, शक्यतो कार्व्हेडिलॉल. हे औषध दाबच कमी करतं, त्यामुळे रक्तस्रावाबरोबर पोटात पाणी होण्याचा धोकाही घटतो. डोस लहान असतो : दिवसाला ६.२५ मिलिग्रॅमने सुरुवात, सोसलं तर १२.५. वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. जो रुग्ण हे औषध नीट घेतो त्याला शिरा शोधण्यासाठी एंडोस्कोपीची गरज राहत नाही, कारण शिरा सापडल्या तरी उपचार बहुधा तोच असतो.

नळी नको म्हणणाऱ्या माणसाला याहून चांगली बातमी नाही. आणि इथेच दमा आडवा येतो. कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं श्वासनलिका आवळतात. दम्याच्या रुग्णाला ती दिली तर जीवघेणा झटका येऊ शकतो. कुणाच्या सांगण्यावरून किंवा घरातल्या रक्तदाबाच्या डब्यातून ही गोळी त्यांना कृपा करून देऊ नका.

तरीही एक गोष्ट तपासून घ्या. ‘लहानपणापासून दमा’ ही नोंद पुष्कळदा वर्षानुवर्षं कागदावर नुसती पुढे सरकत राहते. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) करा, पंप देण्याआधी आणि दिल्यानंतर अशी दोन्ही वेळची. दमा खरंच आहे का, की सिगारेटमुळे किंवा दुसऱ्या कशामुळे झालेला फुप्फुसाचा वेगळा आजार आहे, हे कळेल. फुंकण्याची एक चाचणी नीट आली म्हणून दमा नाही असं ठरत नाही. तो निर्णय छातीच्या आणि यकृताच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. पण दमा नाहीच असं त्यांनी ठरवलं, तर औषधाचं दार उघडतं आणि नळी-कॅप्सूलचा प्रश्न बाजूला पडतो.

दमा खरा निघाला तर मोठ्या शिरांवर दुसरा उपाय उरतो तो बँडिंगचा. फुगलेली शीर एंडोस्कोपीच्या टोकाशी ओढून घेतात आणि तिच्या मुळाशी रबरी कडं चढवतात. काही दिवसांत ती शीर सुकून गळते, तिथे छोटा व्रण राहतो आणि तो भरतो (क्वचित या व्रणातूनही रक्त जातं, म्हणून बँडिंगनंतरचे काही दिवस मऊ खायचं असतं). एका खेपेत हे संपत नाही. शिरा नाहीशा होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि त्यानंतरही नियमित पाहणी असतेच. या सगळ्यासाठी तीच नळी लागते.

म्हणून यजमानांना शांतपणे विचारा : कॅप्सूलमध्ये मोठ्या शिरा दिसल्या, तर बँडिंगला याल का? ‘हो, तशी वेळ आली तर भूल घेऊन येईन’ असं उत्तर आलं, तर कॅप्सूलला अर्थ आहे. शिरा नसतील किंवा अगदी लहान असतील तर नळी सध्या टळेल आणि मोठ्या असतील तर ते मनाची तयारी करून येतील. ‘काही झालं तरी नाही’ असं उत्तर आलं, तर कॅप्सूलच्या रिपोर्टने उपचारात काहीच बदल होणार नाही. मग आधी त्यांची नळीची भीती कशी जाईल तेच बघायला हवं.

आता कॅप्सूल कितपत खरं बोलते ते पाहू. अन्ननलिकेसाठीच्या कॅप्सूलला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली आणि त्यानंतर सिरोसिसच्या रुग्णांवर तिची बरीच पारख झाली. २००८ मध्ये आलेल्या मोठ्या, अनेक रुग्णालयांतल्या अभ्यासात २८८ रुग्णांना कॅप्सूल आणि एंडोस्कोपी दोन्ही केल्या. शिरा असलेल्या शंभरांपैकी ८४ कॅप्सूलने ओळखले, शिरा नसलेल्या शंभरांपैकी ८८ जणांना बरोबर ‘नाहीत’ सांगितलं. कॅप्सूल एंडोस्कोपीच्या तोडीची आहे म्हणायला जी मर्यादा आधीच ठरवली होती, ती तिने गाठली नाही. २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही आकडे जवळपास तेच निघाले, सुमारे ८५ आणि ८४.

हे आकडे घरच्या भाषेत असे. यजमानांसारखे शंभर रुग्ण घ्या आणि त्यांतल्या निम्म्यांना शिरा आहेत असं धरा. कॅप्सूल त्या पन्नासांपैकी ४२-४३ जणांना पकडेल, ७-८ जण सुटतील. उरलेल्या पन्नासांपैकी ४२ जणांना ती ‘नाहीत’ म्हणेल. म्हणजे ‘शिरा नाहीत’ असा रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेल्या पन्नासेक जणांपैकी ७-८ जणांना त्या असतातच. ज्यांच्यासाठी हा खटाटोप करायचा त्या मोठ्या शिरांचं चित्र तर आणखी काळजीचं आहे. कॉक्रेनच्या आढाव्यात मोठ्या शिरा असलेल्या चारांपैकी जवळपास एकाच्या बाबतीत कॅप्सूल चुकली. कॅप्सूल एंडोस्कोपीची जागा घेऊ शकते असं म्हणता येत नाही, असं आढाव्याच्या निष्कर्षाचं सार आहे. आमचंही मत तेच आहे, नळी घ्यायला अजिबात तयार नसलेल्या किंवा ती घेऊ न शकणाऱ्या रुग्णापुरता तिचा विचार करा.

चूक का होते हे कळलं की पुढच्या सूचना पटतील. एंडोस्कोपीत डॉक्टर हवा भरून अन्ननलिका फुलवतात, चिकटलेली लाळ धुऊन काढतात, शंका आली तर मागे येऊन तोच भाग पुन्हा बघतात. कॅप्सूलला यातलं काही जमत नाही. हवा नसल्याने अन्ननलिका बसलेल्या मोज्यासारखी मिटलेली असते, तिच्या नुसत्या घड्या शिरांसारख्या दिसू शकतात आणि शिरा घड्यांसारख्या. शिवाय गोळी काही सेकंदांत खाली उतरते, आणि शिरा सगळ्यात जास्त फुगतात त्या खालच्या काही सेंटिमीटरांत, जठराच्या तोंडाशी. नेमकी तिथेच लाळेचा फेस साचतो. जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरांवर तर कॅप्सूलची नजर जेमतेम पडते. त्या शिरा फुटतात कमी वेळा, पण फुटल्या तर थांबवायला कठीण.

म्हणून एंडोस्कोपी सोपी करून पाहण्याचा एक प्रयत्न करा, असा आमचा आग्रह आहे. पहिल्या वेळी घशात फक्त बधिर करणारा लिग्नोकेनचा फवारा मारला होता का, हे विचारा. दुसऱ्या वेळी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रोपोफॉलची झोप मागता येते. सिरोसिसमध्ये मिडॅझोलॅमसारखी गुंगीची औषधं यकृताकडून हळू साफ होतात आणि नंतर भ्रम होऊ शकतो. प्रोपोफॉलचा अंमल लवकर उतरतो. दमा असल्याचं भूलतज्ज्ञाला आधीच सांगा, पंप बरोबर न्या, आणि त्या आठवड्यात धाप किंवा खोकला वाढला असेल तर तारीख पुढे घ्या. दुसरा पर्याय नाकातून जाणाऱ्या बारीक एंडोस्कोपचा. नेहमीचा एंडोस्कोप ९ ते १० मिलिमीटर जाड असतो, हा ५ ते ६ मिलिमीटरचा. तो जिभेच्या मुळाला फारसा लागत नाही, म्हणून उमासे पुष्कळ कमी होतात, भूलही लागत नाही. प्लेटलेट ९६ हजार असल्याने नाकातून थोडं रक्त येऊ शकतं, ते आधी बोलून घ्या. या बारीक नळीतून बँडिंग होत नाही, पण शिरा आहेत की नाहीत आणि केवढ्या आहेत हे ती कॅप्सूलपेक्षा विश्वासाने सांगते. डाव्या कुशीवर, हनुवटी छातीकडे झुकवून, लाळ न गिळता बाहेर ओघळू देत, नाकाने संथ श्वास घ्यायचा, एवढ्यानेही फरक पडतो. नुसती पाहणी पाच-सात मिनिटांत उरकते.

एवढं सांगूनही ते तयार झाले नाहीत, तर कॅप्सूल करा, पण नीट करा.

पहिला प्रश्न : कॅप्सूल कुठली? लहान आतड्याची कॅप्सूल सगळीकडे जास्त वापरात आहे आणि ‘कॅप्सूल एंडोस्कोपी’ म्हटलं की पुष्कळ ठिकाणी तीच पुढे येते. तिला एकच कॅमेरा असतो आणि ती सेकंदाला दोन ते सहाच चित्रं घेते, कारण तिला तासन् तास चालायचं असतं. अन्ननलिकेतून ती सुर्रकन निघून जाते आणि कामाची चित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरतात. अन्ननलिकेच्या कॅप्सूलला दोन्ही टोकांना कॅमेरे असतात. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ती सेकंदाला १४ चित्रं घ्यायची, पुढे १८ आणि नंतर ३५. तिची लांबी सुमारे २६ आणि जाडी ११ मिलिमीटर. केंद्रात ही उपलब्ध नसेल तर लहान आतड्याच्या कॅप्सूलवर भागवू नका.

उपाशी किती राहायचं ते केंद्र सांगेल. सकाळची वेळ घेऊन रात्रभर उपाशी राहणं सोयीचं. गिळण्याआधी फेस मोडण्यासाठी पाण्यातून सिमेथिकोन देतात. दिलं नाही तर विचारा, ही लहानशी गोष्ट चित्रांच्या स्वच्छतेत मोठा फरक करते. छातीवर सेन्सर चिकटवतात, कमरेला रेकॉर्डर बांधतात. मग उजव्या कुशीवर झोपून, एका घोटाबरोबर कॅप्सूल गिळायची. त्यानंतर स्ट्रॉने दर ३० सेकंदांनी १५ मिलिलिटर पाणी, साधारण सात मिनिटं. पडल्यापडल्या गिळल्याने कॅप्सूल सरळ खाली कोसळत नाही आणि छोटे घोट जठराच्या तोंडाशी साचलेला फेस धुतात. इथे दोन चुका हमखास होतात : रुग्ण उठून बसतो, किंवा एकदम अर्धा ग्लास पाणी पितो. दोन्हींत कॅप्सूल पाहायच्या जागेवरून धावत निघून जाते. घरी आदल्या दिवशी उजव्या कुशीवर पडून स्ट्रॉने पाणी पिण्याचा सराव करून घ्या. बडीशेप-चूर्ण, रंगीत सरबत असलं काही त्या सकाळी नको.

काही ठिकाणी कॅप्सूलला बारीक दोरा बांधून ती वर-खाली ओढतात, म्हणजे तोच भाग पुन्हा पाहता येतो. दोरा घशाला जाणवतो पण नळीइतका नाही. चीनमध्ये सुटणाऱ्या दोऱ्याची आणि बाहेरून चुंबकाने फिरवण्याची कॅप्सूल सिरोसिसच्या रुग्णांवर तपासली गेली आहे. अन्ननलिका पाहून झाली की दोरा सोडवतात आणि जठर चुंबकाने हिंडून पाहतात, त्यामुळे घुमटातल्या शिरांची उणीव भरून निघते. अशी सोय तुमच्या आवाक्यात असेल तर साध्या कॅप्सूलआधी तिची चौकशी करा.

गिळताना घास अडकत असेल, आतडं अरुंद झालं असेल किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर कॅप्सूल अडकण्याचा धोका आधी डॉक्टरांशी बोला. पेसमेकर असेल तरी सांगा. चुंबकाची कॅप्सूल पेसमेकरवाल्याला चालत नाही. कॅप्सूल बहुधा दोन-तीन दिवसांत शौचावाटे पडते. ती पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. सिरोसिसमध्ये एमआरआय वरचेवर सांगितला जातो, म्हणून हे लक्षात ठेवा. दोन आठवड्यांत पडलेली दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे काढतात.

रिपोर्ट हातात आला की ‘शिरा नाहीत’ या दोन शब्दांवर थांबू नका. जठर आणि अन्ननलिका जिथे मिळतात ती रेषा पूर्ण दिसली का, हे त्यात लिहिलेलं हवं. ती दिसली नसेल तर ‘शिरा नाहीत’ला किंमत नाही, कारण शिरांची मुख्य जागाच पाहिली गेलेली नाही. शिरा असतील तर त्यांनी चित्रातल्या परिघाचा चौथा भाग किंवा जास्त व्यापला आहे का, हे विचारा. त्याहून कमी म्हणजे लहान, चौथा भाग किंवा जास्त म्हणजे मध्यम ते मोठ्या. शिरांवर लाल ठिपके किंवा लाल पट्टे असतील तर भिंत पातळ झाली आहे, आणि अशा वेळी लहान शिराही धोक्याच्या धरतात. मोठ्या शिरा किंवा लाल खुणा आल्या तर बँडिंगसाठी तारीख लगेच घ्या.

काही सापडलं नाही तर पुढची तपासणी कधी? विषाणू दबलेला, दारू नाही, वजन आटोक्यात, अशा वेळी एंडोस्कोपीत शिरा न दिसल्यास तीन वर्षांनी आणि लहान शिरा दिसल्यास दोन वर्षांनी पुन्हा पाहतात. यकृताला इजा चालूच असेल तर अनुक्रमे दोन आणि एक वर्ष. ही अंतरं एंडोस्कोपीवर बेतलेली आहेत. कॅप्सूल शिरा असलेल्या वीसपैकी तीन जणांना सोडते हे लक्षात घेता, यजमानांसाठी आम्ही वर्षाने पुन्हा विचार करायला सांगू. मधल्या काळात पोटात पाणी झालं, कावीळ आली किंवा प्लेटलेट आणखी खाली गेल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. हिपॅटायटिसची गोळी एक दिवसही चुकवू नका, कारण यकृत जितकं शांत तितका दाब कमी.

रक्ताची उलटी, कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच (लोहाच्या गोळीने काळी होते ती वेगळी) किंवा अचानक घाम येऊन चक्कर : यांतलं काहीही झालं तर लगेच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. तिथे पहिलं वाक्य ‘यांना सिरोसिस आहे’ हे सांगा आणि दुसरं ‘दमा आहे’ हे. अशा रुग्णाला शिरांचा दाब उतरवणारं औषध आणि प्रतिजैविक नळी घालण्याआधीच सुरू करतात, आणि एंडोस्कोपी बारा तासांच्या आत. त्या वेळी कॅप्सूलला जागा नाही, आणि हे यजमानांनी आजच ऐकलेलं बरं.